पहिली पिशवी

"संकलित केलेल्या प्रत्येक रक्तपिशवीची एचआयव्हीसह पाच आजारांसाठी तपासणी करण्यात येते, त्यामुळे रुग्णास मिळणारे रक्त पूर्णतः सुरक्षित असते."

हे विधान बोरी बुद्रुकच्या खंडोबाच्या सभामंडपात, चंपाषष्ठीच्या आदल्या रविवारी, दोन खांबांमध्ये ताणून बांधलेल्या फलकावर छापलेले होते. त्याखाली अकरा कार्यकर्त्यांची हसरी छायाचित्रे होती. त्यांपैकी नऊ जणांनी स्वतःच्या दंडात सुई कधी जाऊ दिलेली नव्हती, हा भाग वेगळा.

विधानाचा पूर्वार्ध खरा आहे. पिशवी तपासली जाते, आणि तपासणारे लोक बहुधा प्रामाणिक व नेहमीच दमलेले असतात. उत्तरार्ध मात्र त्यातून निघत नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून तपासणीत सापडेपर्यंत काही दिवस जातात, कधी काही आठवडे जातात. तेवढ्या काळात रक्त दूषित असते आणि त्याचा अहवाल निर्मळ येतो. रक्तपेढीला हे ठाऊक असते, म्हणूनच सुई टोचण्याआधी ती रक्तदात्यापुढे तीसेक प्रश्नांचे एक प्रपत्र ठेवते. म्हणजे फलकाने ज्या सुरक्षिततेची ग्वाही दिली, तिचा पाया यंत्रात नव्हता. कुणीतरी खरे बोलेल, या गृहीतकावर ती सगळी उभी होती.

आता हे खरे बोलण्याचे काम बोरीत कसे चालत असे, तेही पाहिले पाहिजे. हे रक्तदान शिबिर भरवणाऱ्या गावातल्या मंडळाचे अध्यक्ष दादाभाऊ प्रवेशाजवळच्या टेबलावर बसत. रांग लांबू नये म्हणून सगळ्यांची प्रपत्रे तेच भरत. नाव, वय, वजन एवढे विचारून झाले की डाव्या हाताने कागद दाबून धरत आणि 'नाही' या रकान्यातून वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढत. कावीळ, क्षय, फिट येणे, गर्भधारणा, अनोळखी व्यक्तीशी असुरक्षित संबंध, सगळे त्या एका रेघेत निकालात निघे. बोरीतले पुरुष दरवर्षी आपण गरोदर नसल्याचे सहीनिशी जाहीर करत, आणि यात कुणालाही हसू येत नसे.

त्या रविवारी पहिल्या खाटेचा मान हनुमंतचा होता. दरवर्षीच असे. हनुमंत तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होता. गावाने त्याला केव्हाच डॉक्टर करून टाकले होते. मेंढरे राखणाऱ्या म्हस्कूचा हा मुलगा शिकला, नोकरीला लागला, आणि बावीस वेळा रक्त देऊन त्याने आपल्या आळीचे नाव केले. मंडळाची एक रीत होती: शिबिरातली पहिली पिशवी भरली की दादाभाऊ ती दोन्ही हातांत धरून देवासमोर नेत, तिच्या कडेला भंडाऱ्याचे बोट लावत, टाळ्या वाजत, छायाचित्र निघे, आणि मगच ती थंड पेटीत जाई. रक्तपेढीची माणसे दरवर्षी कुरकुरत आणि दरवर्षी गप्प बसत. देवाला दाखवलेली ही पहिली पिशवी अकरा वर्षे हनुमंतची होती.

याच्या दहा दिवस आधी, एका गुरुवारी, हनुमंत शहरात खात्याचे तीन दिवसांचे प्रशिक्षण संपवून परतत होता. प्रशिक्षणाचा विषय होता 'कळपातील संसर्गजन्य रोगांचा प्रसार व प्रतिबंध'. सोबतच्या दोघांनी गाडी हमरस्त्यावरच्या एका लॉजपाशी थांबवली. थोडी पिऊन झालेली होती. वर एक खोली होती आणि खोलीत एक बाई होती. तिचे नाव त्याने विचारले नाही; तिने सांगितले असेल तर ते त्याने ऐकले नाही. खिशात जे असायला हवे होते ते नव्हते, आणि ते नाही म्हणून जिथे थांबायला हवे होते तिथे तो थांबला नाही. एवढा तपशील पुरे.

भीती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, आणि आली ती मुक्कामालाच. कार्यालयातल्या न्हाणीघरात कडी लावून तो फोनवर वाचत बसे आणि वाचलेले पुसून टाकी. अशा प्रसंगानंतर बहात्तर तासांच्या आत सुरू केलेली औषधे संसर्ग रोखू शकतात आणि ती सरकारी दवाखान्यात मिळतात, हे त्याला मंगळवारी कळले. गुरुवारपासून मंगळवारपर्यंतचे तास त्याने तीन वेळा मोजले; दर वेळी ते बहात्तरांपेक्षा जास्तच भरले. ज्या माणसाने पिसाळलेला कुत्रा चावलेल्या गाईला वेळेत लस मिळावी म्हणून भर उन्हात अणे गावापर्यंत मोटारसायकल दामटली होती, त्याला स्वतःच्या बाबतीत वेळ नावाची गोष्ट आठवली नव्हती.

तो आरशात जीभ पाहू लागला. गाईच्या जबड्याखाली ज्या गाठी तो रोज चाचपत असे, त्याच जागी आता स्वतःच्या गळ्याखाली त्याची बोटे जात. कुणी शिंकले की त्याला आपल्याला ताप आल्यासारखे वाटे. घरी त्याने पाठदुखीचे निमित्त काढून अंथरूण पडवीत, फळीवर हलवले.

त्याची बायको पुष्पा बघत होती. "काय वो, सारखं गळा काय कुरवाळताय?" ती एकदा म्हणाली. "म्हसरं तपासून तपासून सवय लागली का हाताला?"

"जरा खवखवतंय."

"पाठ दुखती, गळा खवखवतोय. एकदाचं खऱ्या डाक्टरला तरी दाखवा."

खऱ्या डॉक्टरला दाखवणे हाच तर प्रश्न होता. तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या तपासणीसाठी एक खोली असते आणि तिच्या दारावर 'सर्व माहिती गोपनीय ठेवली जाईल' अशी पाटी असते. माहिती गोपनीय राहतेही. पण त्या दारासमोरचे बाकडे उघड्यावर असते, आणि त्या बाकड्यावर बसण्याचे कारण दवाखान्यासमोर चहा पिणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. जुन्नर तालुक्यात असे एकही बाकडे नव्हते, ज्याच्या समोरून हनुमंतने कधी ना कधी जिची विताना अडलेली म्हैस सोडवली अशी एखादी बाई जाणार नाही.

आणि मग, शिबिराच्या आदल्या शुक्रवारी, त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते. काही सापडले तर रक्तदात्याला फोन करून बोलावते. म्हणजे बाकड्यावर न बसता, कुणाला एक शब्द न सांगता, उलट टाळ्यांच्या गजरात आपली तपासणी होऊन जाईल. काही निघालेच, तर ते लोक ती पिशवी फेकून देतील. कुणाचे काही बिघडणार नाही. या युक्तिवादात काय चुकले आहे हे त्याला कळत नव्हते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. पडवीतले अंथरूण त्याला रोज तेच सांगत होते.

तरीही रविवारी टेबलापाशी आल्यावर त्याचा पाय अडखळला.

"या डाक्टर, या. देव कवाचा वाट बघतोय," दादाभाऊ म्हणाले. रेघ ओढून झाली होती. प्रपत्र सहीसाठी त्यांनी पुढे सरकवले.

"दादाभाऊ, औंदा दुसऱ्या कुणाला तरी घ्या की. मला जरा कणकण हाय."

"कणकण?" दादाभाऊंनी रांगेकडे वळून विचारले. "ऐकलं का रं? खोंडासारखा माणूस, आन् ह्याला कणकण. वयनीनं उपाशी ठेवलं का काय?"

रांग हसली. रक्तपेढीची परिचारिका हातमोजे चढवता चढवता म्हणाली, "ताप असेल तर नका देऊ दादा. पुढच्या वेळी द्या."

निसटायला दार उघडे होते. तिने ते उघडून धरले होते.

"ताप नाय न काय नाय, मॅडम," दादाभाऊ म्हणाले. "ह्यो आमचा मानकरी. ह्यानं नाय दिलं, तर मागचे पन्नास उठून घरला जातील. मग तुमची पेटी रिकामीच न्यायची का?"

हनुमंतने सही केली. परिचारिकेने दंडाला पट्टा बांधताना पुन्हा विचारले, "सगळं वाचून सही केलीत ना?"

"व्हय," हनुमंत म्हणाला.

सहा-सात मिनिटांत पिशवी भरली. तिला भंडारा लागला. टाळ्या वाजल्या. त्याला केळे, बिस्किटे, पाण्याचा एक जार आणि पिशवीचा क्रमांक छापलेले आभारपत्र मिळाले.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारीही नाही. हनुमंतने या शांततेला अहवाल मानायचे ठरवले, आणि दीड दिवस तो जवळजवळ आनंदात होता. मंगळवारी दुपारी सवयीने फोनवर वाचताना त्याला 'संसर्ग झाल्यापासून तपासणीत दिसेपर्यंतचा काळ' असा मथळा दिसला. तो त्याने उघडला, निम्मा वाचला आणि बंद केला.

बुधवारी डिंभ्याकडे जनावरांचे शिबिर असल्याचे सांगून त्याने मोटारसायकल आंबेगाव तालुक्यात घातली. तिथल्या एका सरकारी दवाखान्यात त्याला ओळखणारे कुणी नव्हते. नोंदणीच्या खिडकीवर त्याने सुचेल ते नाव सांगितले, बहिरू गेणू. बाकड्यावर बसून तो समोरच्या भिंतीवरचे कुटुंबनियोजनाचे चित्र पाहत राहिला. आतून कुणीतरी हाका मारत होते.

"बहिरू गेणू! अहो, बहिरू गेणू आहेत का?"

शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला कोपराने ढोसले. "पावणं, बाकड्यावर तर आपण दोघंच हाय. आन् मी काय बहिरू न्हाई."

आत टेबलामागे समुपदेशक बसली होती. स्नेहा नाव, तिशीची, मूळची डिंभ्याचीच. तिने वर पाहिले, वही उघडली आणि पेनाचे टोपण काढत म्हणाली, "नाव खरं नसलं तरी चालतंय, भाऊ. तारखा तेवढ्या खऱ्या सांगा."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला कुणीतरी खरे बोलण्याची एवढी सोपी अट घातली होती. त्याने तारखा खऱ्या सांगितल्या. तिने त्या लिहून घेतल्या. चेहऱ्यावर ना दया, ना तिरस्कार. एखाद्या पोस्टातल्या बाईने पाकिटाचे वजन करावे तसे तिने ते सगळे ऐकून घेतले. रक्ताचा थेंब घेतला. तासाभराने अहवाल आला. काही नव्हते.

"पण हा अहवाल आजचा नाही," ती म्हणाली. "आज तेरावा दिवस. आज जे दिसतंय ते फार तर तुमचं आधीचं सांगतंय. सहा आठवड्यांनी या, मग तीन महिन्यांनी या. तोवर घरी काळजी घ्या. घेताय ना?"

"व्हय. घेतोय."

"शंभरात नव्याण्णव वेळा अशा एका प्रसंगातनं काही होत नाही. पण मी तुम्हाला ते नव्याण्णव दाखवून घरी पाठवणार नाही." तिने वही मिटत सहज विचारले, "मधे कुठं रक्त दिलंय का?"

हनुमंत म्हणाला, "मी नाय. माझा एक मित्र हाय. त्याचंबी असंच झालंय. त्यानं दिलं."

स्नेहाने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. "कधी?"

"रविवारी."

"मग त्या मित्राला सांगा, आजच फोन कर. आभारपत्रावर पिशवीचा क्रमांक असतो, खाली रक्तपेढीचा नंबर असतो. एवढंच म्हणायचं की माझी पिशवी वापरू नका. कारण सांगावं लागत नाही. नाव सांगावं लागत नाही. ते बाजूला काढून ठेवतात. रविवारचं रक्त म्हणजे अजून फ्रीजमधेच असेल. आत्ता बाहेर जाऊन लावला तरी चालेल." मग जरा थांबून, "तुमच्या मित्राला म्हणते मी."

"सांगतो," हनुमंत म्हणाला.

बाहेर येऊन त्याने आभारपत्र काढले, फोन काढला, आणि दोन्ही परत खिशात ठेवले. दवाखान्याच्या आवारात त्याला सुचलेली कारणे आदरणीय होती. रक्तपेढीचा शिबिरे ठरवणारा माणूस दादाभाऊंचा दोस्त होता. क्रमांक एक, म्हणजे पहिली पिशवी. पहिली पिशवी कुणाची हे त्या दोस्ताला विचारावेही लागले नसते. पिशवी परत गेल्याचे मंडळाला कळले असते, आळीला कळले असते, म्हस्कू आबाला कळले असते. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शनिवारी त्याने तीन गोठ्यांत लसी टोचल्या आणि एका मालकाला बजावले, की आजारी म्हशीचे दूध कुणाला घालू नको.

रविवारी सकाळी म्हस्कूने त्याला बोलावून घेतले. म्हस्कूच्या मागे आता वीस-बावीसच मेंढरे उरली होती. कोकणात उतरायचे त्याने सोडले होते. कापणी झालेल्या वावरात दोरीच्या जाळीचे वाघर लावून त्यात तो ती बसवी. चाकणच्या बाजारातून त्याने नवा नर आणला होता. तो वाघराच्या आत नव्हता. वीस पावलांवर, बाभळीखाली, एकटा बांधलेला होता आणि कळपाकडे तोंड करून ओरडत होता.

"बघ रं डाक्टर," म्हस्कू म्हणाला.

हनुमंतने डोळे पाहिले, दात पाहिले, खूर उचलून पाहिले, जबड्याखाली बोटे घातली. "लई चांगला हाय आबा. सोड की कळपात. कशाला बोंबलत ठेवलाय?"

"आवस जाऊ दे."

"अरे पण तपासला ना मी. काय बी नाय त्याला."

म्हातारा हसला. तंबाखूची चिमूट गालात सरकवत म्हणाला, "लई शिकलास तू. त्याच्या पोटात काय हाय, ते त्याला सोताला तरी ठावं हाय का? मग तुला कसं कळलं, वरनं चाचपून? आवस जाऊ दे. मग इचारू त्याला."

"आन् तोवर ह्यो ओरडणार."

"ओरडू दे. एकटा ओरडला तर एकटाच ओरडंल. आत सोडला, तर बावीस ओरडतील."

अमावास्येची ही रीत हनुमंत लहानपणापासून पाहत होता. शिकल्यावर त्याने तिला अडाणीपणा म्हटले होते, आणि मग खात्यात लागल्यावर तीच गोष्ट एकवीस दिवसांच्या विलगीकरणाचे परिपत्रक म्हणून गावोगाव वाचून दाखवली होती. ज्या म्हाताऱ्याला सही करता येत नव्हती, त्याने विकत घेतलेल्या नराच्या बाबतीत जी खबरदारी घेतली होती, ती पदवीधर मुलाने माणसाच्या बाबतीत घेतलेली नव्हती. तो वावराच्या बांधावर गेला, मेंढरांकडे पाठ करून उभा राहिला, आणि त्याने फोन लावला.

पलीकडे एका बाईचा आवाज होता, रक्तपेढीच्या वैद्यकीय अधिकारी. तिने क्रमांक घेतला. संगणकाच्या कळा वाजल्या. मग ती म्हणाली, "लाल पेशी काल सकाळी गेल्या. प्लाझ्मा आहे अजून, तो मी अडवते. तुम्ही काल का नाही हो फोन केलात?"

"कुणाला गेल्या?"

"ते सांगता येत नाही."

"माणूस... बरा हाय का?"

"ते मीच आता विचारणार आहे तिथल्या डॉक्टरांना," ती म्हणाली. "तुमचं नाव आणि नंबर द्या. आता द्यावाच लागेल."

त्याने खरे नाव दिले.

घरी पुष्पा अंगणात लसूण सोलत बसली होती. त्याने तिला सगळे सांगितले, लॉजपासून फोनपर्यंत, उभ्यानेच. ती सोलत राहिली. मग म्हणाली, "मला तपासायला लागंल का?"

"नाय. त्या दिसापास्नं मी तुझ्या..."

"पाठीचं दुखणं. व्हय." तिने एक पाकळी सुपात टाकली. "म्हंजी तुमाला समदं कळत व्हतं."

"पुष्पा..."

"न्हाई, ऐका. तुमाला कळत व्हतं म्हणून तर फळीवर जाऊन निजलात. घरचं माणूस राखलंत. त्याचं बरं वाटून घ्यावं का मी? मी तुमची म्हणून राखली. आन् ज्याचं तोंड बी बघितलं न्हाई, त्याला बाटलीनं चढवलंत." ती उठली, सूप उचलले. "त्या बाईचं मी बघीन, कवातरी. भांडीन, न्हाईतर म्हायेरी जाईन. पण ह्येचं काय करायचं, मला ठावं न्हाई."

ती माहेरी गेली नाही. भांडलीही नाही. अंथरूण पडवीतच राहिले, आणि आता ते तिथे का आहे हे दोघांना माहीत होते.

सहा आठवड्यांनी हनुमंत पुन्हा आंबेगावला गेला आणि खिडकीवर त्याने स्वतःचे नाव सांगितले. स्नेहाने जुन्या पानावरचे नाव खोडून नवे लिहिले. अहवालात काही नव्हते. त्याचा श्वास सुटलेला तिने पाहिला.

"एक विचारू भाऊ? सहा आठवडे तुम्ही मोजताय, की लॉजवरच्या त्या बाईपासनं तुम्हाला काय लागलं. तुमच्यापासनं तिला काय लागलं असतं, ते कधी मोजलंत का?"

त्याने मोजले नव्हते. खोटे बोलण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून तो 'नाय' म्हणाला. त्या आठवड्यात दोनदा तो हमरस्त्याने त्या लॉजवरून गेला. खालच्या हॉटेलात त्याने एकदा चहाही घेतला. विचारायला नाव नव्हते.

तीन महिन्यांच्या अहवालातही काही निघाले नाही. आता तो वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होता. पुष्पाने कागद वाचला, घडी करून देवघराच्या फळीवर ठेवला. दादाभाऊ रस्त्यात भेटले, "मंडळाचा पुढचा कार्यक्रम ठरतोय राव, तुमची पहिली पिशवी बुक केलीय," म्हणाले. "आता माझं रक्त नगं, दादाभाऊ," हनुमंत म्हणाला. "का रं बाबा?" "घरी या. बसून सांगतो." दादाभाऊ यायचे ते अजून आलेले नाहीत.

त्याच आठवड्यात त्याला रक्तपेढीत बोलावणे आले. वैद्यकीय अधिकारी पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. टेबलावर एक पातळ फाइल होती.

"तुमचे तिन्ही अहवाल जोडलेत. पलीकडच्या रुग्णाचेही आले, सगळे निर्मळ. आज हे बंद करते." त्यांनी एक कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला. "फक्त एक निवेदन हवं, की कळवायला सात दिवस का लागले. एका ओळीत लिहा, 'अज्ञानामुळे विलंब झाला.' सगळे तेच लिहितात. चालतं."

हनुमंतने पेन घेतले. मग विचारले, "मॅडम, तो रुग्ण कोण व्हता?"

"सांगता येत नाही म्हटलं ना."

"नाव नगं. गाव नगं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला. ज्यांनी नियम पंचवीस वर्षे पाळले, त्या माणसांना एखादे दिवशी नियमाचाच राग येतो. तसे काहीसे त्यांना झाले असावे. "बाळंतीण होती," त्या म्हणाल्या. "पहिलटकरीण. फार रक्त गेलं होतं, तुमच्या पिशवीनं वाचली म्हणा हवं तर. दुसऱ्याच दिवशी तिला सांगावं लागलं, की रक्ताबद्दल शंका आहे, बाळाला अंगावर पाजू नकोस. तीन महिने आम्ही कुणी धोका पत्करला नाही. परवा तिला सांगितलं, आता पाज. तर म्हणाली, दूध कधीच आटलं."

खोलीत फ्रीजचा आवाज येत होता. हनुमंतच्या डोळ्यांसमोर कुणीच उभे राहिले नाही, कारण त्याने तिला कधी पाहिले नव्हते. आणि न पाहिलेल्या बाईचा चेहरा आपल्याला कधीच दिसणार नाही, हेच त्याला सोसेना. कुणी मेले नव्हते. कुणाला काही झाले नव्हते. फलकावरचे विधान, योगायोगाने का होईना, खरे ठरले होते. जे नुकसान झाले होते त्यासाठी कुठल्याही प्रपत्रात रकाना नव्हता.

"लिहा ना," बाई म्हणाल्या. "एक ओळ. मला दोन वाजता बैठक आहे."

त्याने लिहायला सुरुवात केली. एक ओळ झाली, मग दुसरी. बाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिले, नंतर पाहिले नाही. कागद आजही त्या फाइलीत आहे. त्यातला मजकूर असा आहे:

"मी, हनुमंत म्हस्कू, राहणार बोरी बुद्रुक, लिहून देतो की, विलंब अज्ञानामुळे झालेला नाही. प्रपत्रावरील रेघ मी ओढली नाही, परंतु सही माझी आहे, आणि सही करताना माझ्या बाबतीत कोणते उत्तर खोटे आहे हे मला माहीत होते. मी रक्त दान म्हणून दिले नाही, मला माझी तपासणी हवी होती म्हणून दिले. बुधवारी समुपदेशकांनी मला सर्व समजावून सांगितले. नंबर माझ्या खिशात होता. गुरुवार, शुक्रवार व शनिवार मी फोन केला नाही. लोकांना कळेल ही भीती होती, परंतु कारण तेवढेच नाही. त्या तीन दिवसांत मला असे वाटत होते की, ती पिशवी लवकरात लवकर कोणाला तरी चढवली जावी, म्हणजे ती परत मागवण्याचा प्रश्नच उरणार नाही."